धाकटीचा खांदा

घरात ती थोरली, पण नोकरी धाकट्या केंद्रावर. आणि घरात जी धाकटी, ती थोरल्या केंद्रावर. दोघी सख्ख्या जावा. एकाच घरातून निघायच्या, एकाच इमारतीत शिरायच्या, आणि लिफ्टपाशी आल्या की एक वर जायची आणि दुसरी तिथंच तळमजल्यावर उजवीकडे वळायची. लिफ्टचं दार बंद होताना धाकटी आतून हात हलवायची. थोरलीही हलवायची. न हलवून सांगते कुणाला!

सरकारी टीव्हीचं पहिलं केंद्र वरच्या मजल्यांवर होतं आणि ते साऱ्या देशाला दिसायचं. दुसरं केंद्र खाली, गाड्या लावायच्या जागेला चिकटून, आणि ते दिसायचं फक्त या शहराला. फक्त म्हणायचं आपलं. शहर इतकं अवाढव्य की या टोकाला ऊन असताना त्या टोकाला छत्र्या उघडलेल्या असत. पण वरच्यांना विचाराल तर दुसरं केंद्र म्हणजे काय? कुठं पाणी येणार नाही, कुठला रस्ता खणलाय, कुणाचे वडील घर सोडून गेलेत, शाळेच्या पोरांची गणितं, आणि उरलेला वेळ वरचंच कालचं आज पुन्हा. सामानसुद्धा सगळं वरून उतरलेलं. खुर्च्या वरच्या, पडदे वरचे, आणि सोफा तर असा की त्याच्यावर कुणा बड्या पाहुण्यानं सांडलेल्या कॉफीचा डागही बरोबर आला होता. भिंतीवरचं घड्याळ वरच्यांनी का सोडलं, ते भिंतीला लावल्यावर कळलं.

थोरली तिथं संकलक होती. वरून तासाभराचा कार्यक्रम टेपवर यायचा, आणि दुसऱ्या केंद्रावर मध्ये मध्ये पाण्याच्या नि रस्त्यांच्या सूचना द्यायच्या असल्यामुळे तो चाळीस मिनिटांत बसवायचा, हे तिचं काम. म्हणजे आलेल्या प्रत्येक कार्यक्रमातली वीस मिनिटं तिनं उडवायची. कुठली उडवायची, ते तिनंच ठरवायचं. साहेब बघत नसत, वरचे तर खाली ढुंकून पाहत नसत. अर्धवट उजेडाच्या त्या खोलीत दोन पडदे, एक गोल चकती आणि ती. चकती फिरवली की माणसं पुढं पळत, उलटी फिरवली की बोललेले शब्द परत गिळत.

आता सांगायलाच हवं, धाकटीला या इमारतीत आणली कुणी? हिनंच! स्वतः थोरलीनं लग्नाआधी आणि लग्नानंतर अशी दोनदा वरच्या केंद्राची कॅमेऱ्यासमोरची परीक्षा दिली होती. दोन्ही वेळा वरचे गोड हसून म्हणाले, "चेहरा चांगला आहे हो, पण तुम्ही संकलनात जास्त शोभाल." मग दिरांचं लग्न झालं, धाकटी घरात आली, दिवसभर घरात बसून कंटाळली, तेव्हा थोरलीच्या तोंडून एकदा सहज निघून गेलं, "वर निवेदिका घेतायत, देऊन तरी बघ परीक्षा." झालं! पहिल्याच फेरीत निवड. आणि त्या दिवशी धाकटीच्या कानांत जे निळे खडे होते ना, तेही थोरलीचेच. मागून नेलेले. अजून परत आले नव्हते.

धाकटीकडे वरच्यांनी मुलाखतींचा कार्यक्रम दिला. शहरातली साधी कामं करणारी माणसं आणायची आणि त्यांच्याशी बोलायचं. आणि ही बोलायची, बाई! पाहुण्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं "हो का!" तयार. मान तर इतकी डोलवायची की बघणाऱ्याची दुखावी. पाहुण्याचे गुडघे, पाहुण्याचा डबा, पाहुण्याच्या नातवाचे दात, असल्या गोष्टींत पहिली दहा मिनिटं जायची. आणि तरीही लोकांनी तिला डोक्यावर घेतली. वाण्याच्या दुकानात लोक तिला वाट करून देत. थोरली मागं पिशवी घेऊन उभी.

घरी सासूबाईंचं तर विचारूच नका. कुणी पाहुणं आलं की, "ही आमची धाकटी, टीव्हीवर असते." मग थोरली सरबत घेऊन आली की तिच्याकडे हात करून, "हीपण तिथंच असते." तिथंच असते! जशी काही टीव्हीच्या इमारतीत फरशी पुसते. नवऱ्याकडे तक्रार करावी तर तो वर्तमानपत्रामागून म्हणे, "आईचं काय मनावर घेतेस?" मनावर नाही घ्यायचं तर कशावर घ्यायचं?

पहिल्यांदा कापलं तेव्हा मनात काही पाप नव्हतं, हे खरं. वीस मिनिटं काढायची, तर पाहुण्याचं ठेवावं नि विचारणारीचं काढावं, हा साधा हिशेब. पण धाकटीचं एक लांबलचक हसू उडवलं आणि थोरलीला असं काही बरं वाटलं, असं काही गार गार वाटलं, की तिनं परत चकती फिरवून तिची दोन "हो का" पण उडवली. मग मान डोलावणं उडवलं. मग डबा, गुडघे, नातू, सगळं साफ. महिन्याभरात हात असा बसला की दुसऱ्या केंद्रावर धाकटीचा आवाज यायचा, तोही अर्धा, आणि दिसायचा तो फक्त खांदा. पाहुण्याच्या चेहऱ्यापुढं कोपऱ्यात एक खांदा, कधी एखादा निळा खडा. शेवटची नावांची पट्टी तर ती डोळे मिटून काढायची, कारण त्या पट्टीत धाकटीचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत यायचं. तिचं स्वतःचं नाव त्याच पट्टीत सगळ्यात खाली जोडायची मुभा होती. पण धाकटीचं न दाखवता आपलं कसं दाखवणार? गेली सगळी पट्टी.

सासूबाई कार्यक्रम संध्याकाळी वरच्या केंद्रावर बघत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या केंद्रावर परत बघत. सून दोनदा दिसते तर का सोडा?

"अगं," त्या एकदा थोरलीला म्हणाल्या, "तुमच्या केंद्रावर हिचं तोंडच दिसत नाही. कॅमेरा बिघडलाय का तुमचा?"

"जुना झालाय, आई," थोरली म्हणाली. "वरून आलेला ना."

"मग सांग की साहेबांना, दुरुस्त करा म्हणावं."

धाकटीनंही एकदा विचारलं. दोघी कपडे वाळत घालत होत्या. "वहिनी, माझं काही चुकतं का हो? तुमच्याकडे माझं बरंच जातं."

"वेळ, बाई, वेळ," थोरलीनं चादर जोरात झटकली. "चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं. मी काय करू?"

"नाही, मी आपलं विचारलं. तुम्हाला कळतं त्यातलं." आणि तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं. हेच ते! हिच्यावर धड रागावताही येत नसे.

त्याच सुमारास पूल रंगवणारा म्हातारा कार्यक्रमात आला. नदीवरच्या लोखंडी पुलाला आयुष्यभर रंग देत आलेला माणूस. या टोकाला सुरुवात करायची, त्या टोकाला पोचेपर्यंत या टोकाचा रंग उडालेला असतो, मग परत पहिल्यापासून. त्याचा भाऊ त्याच्या शेजारी काम करता करता खाली पडला होता. ते सांगताना म्हातारा थांबला, आणि तो थांबल्याबरोबर धाकटी मध्ये बोललीच, "अरेरे, केवढं कठीण गेलं असेल तुम्हाला!" आणि पुढं वाकून तिनं त्याचा हात धरला. थोरलीनं ते पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इथंसुद्धा मध्ये यायलाच हवं का? तिनं धाकटीचा आवाज बंद केला. दोघांचे माइक वेगळे असल्यामुळे ते सोपं होतं. चेहरा काढला. उरला म्हाताऱ्याचा रंगानं भरलेला हात, आणि त्याच्या मागं चाललेला पंख्याचा आवाज. आणखी काही लावायला नव्हतं म्हणून तिनं तो हात तसाच लांबवला. लांबवला, लांबवला, आणि मग म्हातारा म्हणाला, "त्याच्या वाटणीचा रंग मग मीच दिला."

थोरलीच्या डोळ्यांतही पाणी आलं. ते तिनं पुसलं आणि पट्टी कापली.

वर्षाच्या शेवटी टीव्हीच्या पारितोषिकांची घोषणा झाली आणि उत्तम मुलाखतीचं पारितोषिक धाकटीला मिळालं. इथपर्यंतही थोरलीनं सोसलं असतं. पण साहेबांनी तिला बोलावून परीक्षकांचा अभिप्राय वाचून दाखवला. परीक्षकांपैकी एक बाई शहरातल्याच होत्या, त्यांनी कार्यक्रम पाहिला तो दुपारचा, खालच्या केंद्रावरचा. 'मुलाखतकार स्वतःला पूर्णपणे मागे ठेवते,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'तिचा संयम थक्क करणारा आहे. भावाच्या मृत्यूनंतरची ती शांतता राखायला मोठं धैर्य लागतं.'

"शांतता!" थोरलीच्या तोंडून बाहेर पडलं. "साहेब, ती शांतता माझी आहे!"

साहेब भला माणूस, पण काखा वर करण्यात पटाईत. "मला समजतंय हो. पण टेपवर तुमचं नाव कुठंच नाही. मी शेवटपर्यंत बघितली."

"नावं मीच काढते."

"का?"

 थोरली उठून आपल्या खोलीत निघून आली.

घरी नुसता आनंदीआनंद. सासूबाईंनी ते पारितोषिक टीव्हीच्या डोक्यावरच ठेवलं, म्हणजे टीव्ही बघायला बसलं की ते आधी डोळ्यांत खुपणार. जेवताना धाकटी म्हणाली, "खरं तर हे वहिनींचंच आहे. दुपारचा कार्यक्रम त्यांनी बसवलेला." सगळे कौतुकानं हसले. किती मनाची मोठी, म्हणून. आणि थोरलीला वाटलं, पान सरकवावं आणि ओरडून सांगावं की अहो, ती खरं बोलतेय! पण ती म्हणाली, "इश्श, माझं कसलं!" आणि भात वाढायला उठली. त्या रात्री तिला झोप नाही. शेजारी नवरा घोरत होता, त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. दुसऱ्या केंद्राला स्वतःचा, वरून न उतरलेला मुलाखतींचा कार्यक्रम मिळणार, अशी बोलणी कधीची चालली होती, आणि ती तिच्या कानावर होती.

"तो मला द्या," ती म्हणाली. "खुर्चीत मी बसणार."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वरचे म्हणतायत की आता पारितोषिक मिळालंय तर तुमच्या जाऊबाईंनाच खाली पाठवू."

"खालीही तिलाच? म्हणजे मग मी कुठं जाऊ, साहेब, तळघरात?"

साहेबांना हसू आलं आणि ते बरं झालं. "एक नमुन्याचा भाग करा," ते म्हणाले. "चाळीस मिनिटांचा. शुक्रवारी दुपारी मला दाखवा. चांगला झाला तर खुर्ची तुमची, मी वरच्यांशी भांडेन. नाही झाला तर जाऊबाई."

इतकी वर्षं कोंडलेलं सगळं वर आलं. थोरलीनं नवे कपडे बाहेर काढले. धाकटीच्या कपाटातून स्वतःचे निळे खडे न विचारता काढून घेतले आणि घातले. आरशासमोर मान अजिबात न हलवता ऐकायचा सराव केला. कसं बोलायचं नाही, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? इतक्या टेपा कापल्या होत्या तिनं!

पाहुणी म्हणून तिनं पाणीखात्यातली एक बाई निवडली. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागलेली. पहाटे उठून, रस्त्यातली लोखंडी झाकणं उघडून, लांब दांड्याच्या चावीनं एकेका वस्तीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे तिचं काम. अर्ध्या शहराच्या अंघोळी हिच्या हातात, आणि हिला कुणी ओळखत नाही. थोरलीला ही बाई फार आपली वाटली.

बाई आली ती मोठाले रबरी बूट घालून, सोफ्याच्या कडेला बसली, कॉफीच्या डागाला घाबरून जरा सरकली. दिवे लागले. थोरलीनं पहिला प्रश्न विचारला. फार चांगला प्रश्न होता, दोन दिवस घासून तयार केलेला. बाई म्हणाली, "हो."

दुसरा प्रश्न. "तसंच आहे ते."

थोरली गप्प राहिली. ती शांतता आता येईल, मग बाई आतलं काहीतरी बोलेल. बाईही गप्प राहिली. दोघी गप्प. पंखा चालू. कॅमेऱ्यामागचा माणूस खोकला. शेवटी एकदा मुलीचा विषय निघाला. मुलगी शाळेत सांगते की आई ऑफिसात असते, असं बाई म्हणाली. मग तिनं खाली बुटांकडे पाहिलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि इतका वेळ त्या शांततेला घाबरून गेलेली थोरली मध्ये बोलून गेली, "पण तुम्हाला तुमच्या कामाचा अभिमान वाटत असेल ना?"

"हो," बाई म्हणाली. तोंड मिटलं.

शुक्रवारी सकाळी थोरली टेप घेऊन स्वतःच्या खोलीत बसली. कापायला सुरुवात केली. हा प्रश्न नको, लांबला. हा नको, पाठ केल्यासारखा वाटतो. हा नको. हात सवयीचा, तो आपलं काम करत गेला, समोर कोण आहे ते हाताला काय माहीत! थोड्या वेळानं तिनं पाहिलं तर पडद्याच्या कोपऱ्यात एक खांदा आणि एक निळा खडा, आणि समोर "हो", "तसंच", "चालायचंच" म्हणणारी बाई. एकूण मिळून पंधरा मिनिटंही होईनात. तिच्या साऱ्या नोकरीत टेप कमी पडली, असं पहिल्यांदाच झालं होतं.

तिनं परत फिरवून ते उघडलेलं तोंड पाहिलं. बाईच्या ओठांवर शब्द आला होता. चकती कितीही फिरवली तरी तो बाहेर यायचा नव्हता.

मग ती उठली आणि फडताळातून पूलवाल्या म्हाताऱ्याची वरून आलेली अख्खी टेप काढली. का काढली, कुणास ठाऊक. धाकटीचं चुकलेलं बघून जिवाला जरा बरं वाटावं म्हणून असेल. आणि यावेळी तिनं काहीही न कापता ती नुसती पाहिली. म्हातारा आला तेव्हा पाणीवाल्या बाईसारखाच अंग चोरून बसला होता. "हो" म्हणत होता. "तसंच" म्हणत होता. मग धाकटीनं विचारलं, "डबा कुठं खाता हो तुम्ही? तिथंच, वर?" म्हातारा हसला. म्हणाला, वरच, पाय खाली सोडून. "अगं बाई! आणि चटकन काही हातातून पडलं तर?" तर खाली मासे वाट बघत असतात, म्हातारा म्हणाला. मग गुडघे निघाले, नातू निघाला, आणि तो माणूस बघता बघता सोफ्यावर मागे टेकून बसला. आणि भावाचं जेव्हा आलं, तेव्हा धाकटीनं 'अरेरे' म्हणून त्याचा हात धरला. तो हात त्यानं सोडवला नाही. धरलेलाच ठेवला. त्या हाताला धरूनच तो ते वाक्य बोलला होता. थोरलीनं पडद्यावर लांबवलेला त्या रंगाच्या हाताची बोटं खाली धाकटीच्या मुठीत होती, तेवढा भाग चौकटीबाहेर राहिला होता.

म्हणजे तिनं कचरा म्हणून जे जे फेकलं होतं, त्यानंच तो माणूस बोलता झाला होता.  तिला रडू आलं, आणि ते पश्चात्तापाचं वगैरे नव्हतं, साफ जळफळाटाचं होतं. मला का नाही येत हे? एका मूर्ख बाईला डब्याचं विचारायला सुचतं आणि मला का सुचत नाही?

तरीही खुर्ची अजून मिळवता आली असती. फडताळात नळांच्या, टाक्यांच्या, पाइपांच्या चित्रणाच्या टेपांचा ढीग पडला होता. बाईच्या "हो"च्या मागेपुढे धो धो वाहणारं पाणी लावायचं, वर जरा संगीत सोडायचं, चाळीस मिनिटं भरायला तिला तासदोन तास पुरले असते. साहेबांना ते आवडलंही असतं. साहेबांना वाहतं पाणी फार आवडे. तिनं एक टेप काढली, लावली, एक नळ जोडलासुद्धा. मग पुन्हा ते उघडून मिटलेलं तोंड आलं, आणि त्याच्यापुढं नळ वाहू लागला. तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिनं यंत्र बंद केलं. लिफ्ट नेहमीप्रमाणे येत नव्हती म्हणून चार मजले जिन्यानं चढली, आणि वरच्या केंद्राच्या गुळगुळीत काचेच्या दारातून आत गेली. धाकटी मेकअप पुसत बसली होती. थोरलीला बघून धडपडत उठली. "वहिनी? घरी काही झालं का? आई बऱ्या आहेत ना?"

"सगळ्या बऱ्या आहेत," थोरली धापा टाकत म्हणाली. "तू खाली ये. एका बाईशी बोलायचंय."

"कोणत्या बाईशी? अहो, पण तो भाग तर तुमचा आहे. खुर्ची तुमची…"

"मला नाही जमलं." हे तीन शब्द तोंडातून काढताना थोरलीचे कान तापले. "माझ्यापुढं ती गप्प बसते. तुझ्यापुढं बोलेल. तुझ्यापुढं दगडसुद्धा बोलेल. आता काय लिहून देऊ का? चल!"

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कानांकडे पाहिलं. निळे खडे.  तोंड अर्धं पुसलेलं, तशीच निघाली.

साहेबांनी दोन दिवसांची मुदत वाढवून दिली, आणि खुर्ची कुणाची होणार हे त्यांनी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाणीवाली बाई त्याच दुपारी कुरकुरतच परत आली. पुन्हा तेच बूट, पुन्हा सोफ्याची कड. थोरली कॅमेऱ्यामागं अंधारात उभी राहिली, हाताची घडी घालून.

धाकटी बसली, समोर बघितलं आणि म्हणाली, "हे बूट चावतात का हो तुम्हाला? तुम्ही सारख्या पाय हलवताय."

बाई हसली. "चावत नाहीत, निसटतात. यजमानांचे आहेत. पुढं चिंध्या कोंबल्यात."

"अगं बाई! मग नवे का नाही घेत?"

"खात्यानं दिलेत नवे. घरी ठेवलेत." बाई मागे टेकली. "यांच्यात पाय घातला की झाकण कुठं आहे ते पायालाच कळतं."

थोरलीनं अंधारात डोळे मिटले. बूट! दोन दिवस घासलेल्या प्रश्नांत बूट कुठंच नव्हते. ते समोर होते, एवढे मोठाले, आणि तिला दिसले नव्हते.

मग मुलगी आली बोलण्यात. आई ऑफिसात असते, असं सांगणारी. "हो का?" धाकटी म्हणाली, मान डोलावली, गप्प झाली. आणि बाई सांगू लागली की एकदा शाळेतलं पाणी गेलं होतं, उन्हाचे दिवस, पोरं तहानलेली, शिकवणाऱ्या बाई गोंधळलेल्या. तेव्हा या पोरीनं शाळेतूनच फोन लावला. अख्खा वर्ग आजूबाजूला. "मला म्हणाली, आई, आमचं पाणी सोड ना. आणि मग फोनवरच मला ऐकू आलं, ती सगळ्यांना ओरडून सांगत होती: थांबा रे, माझी आई सोडतेय!" बाईनं डोळ्यांना हात लावला. "मी झाकण उघडून तिथंच रस्त्यात बसले."

थोरलीनं तो भाग दोन दिवस बसवला. तासाच्या वर झालेलं होतं, चाळीस करायचं होतं. झाकणांची माहिती गेली, चावीची लांबी गेली, खात्याचे नियम गेले. बूट राहिले. "अगं बाई" राहिलं. धाकटीचा चेहरा राहिला, अर्ध्या मेकअपचा, मान डोलावणारा, नको तितका हसणारा. हात पाच-सहा वेळा सवयीनं तिकडे गेला, आणि प्रत्येक वेळी तिनं तो मागे घेतला, दात-ओठ खाऊन. शेवटी नावांची पट्टी जोडली. वर धाकटीचं नाव मोठ्या अक्षरांत. खाली तिचं.

तो भाग दाखवला गेला त्या दुपारी सुटी होती आणि घरातले सगळे टीव्हीसमोर होते. सासूबाई खुर्चीत, धाकटी त्यांच्या पायाशी, थोरली मागं दाराला टेकून. बाईनं डोळ्यांना हात लावला तेव्हा सासूबाईंनीही लावला. कार्यक्रम संपला.

"आज दिसली बाई नीट," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "केला वाटतं दुरुस्त कॅमेरा?"

"हो, आई," थोरली म्हणाली. "केला."

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या. पडद्यावर नावं वर सरकू लागली. धाकटीचं आलं, गेलं. कॅमेरावाल्याचं आलं, गेलं. थोरलीचं अजून खालीच होतं, आणि सासूबाईंची पाठ टीव्हीकडे झाली होती. थोरलीनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि तिला हाक मारवेना. स्वतःचंच नाव बघा, असं कसं सांगायचं?

तेवढ्यात धाकटीनं सासूबाईंचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "आई, थांबा ना. संपलं नाहीये अजून. वहिनींचं नाव येतंय."

सासूबाई बसल्या, चष्मा सावरून पडद्याकडे बघू लागल्या. आणि मागे दाराशी उभी असलेली थोरली, डोळे भरून आलेले असतानाही, मनातल्या मनात चडफडली: मेली, हेसुद्धा हिलाच सुचायचं होतं!